पाव रे पावा

घरी पाव करण्याची कृती कुठलीही घ्या, अर्ध्यावर एक वाक्य येतंच. ‘आता हे पीठ झाकून उबदार जागी दुप्पट होईपर्यंत ठेवा.’ एवढं लिहून लिहिणारा मोकळा होतो. जागा कुठली, ते सांगत नाही. जानेवारीत रात्री साडेदहा वाजता ठाकुर्लीतल्या वन बीएचकेमध्ये मी पिठाचं पातेलं घेऊन उभा असतो आणि उबदार म्हणावी अशी घरात एकच जागा असते. आईची गोधडी. तिथे आई असते.

ठाकुर्लीची थंडी म्हटल्यावर नाशिककर हसतात, पुणेकर तर उत्तरही देत नाहीत. हसू द्यात. खाडीवरून वारा सुटला की आमच्या समांतर रस्त्यावर सकाळी फिरायला निघालेली निम्मी माणसं कानटोपीत असतात आणि उरलेली निम्मी कानटोपी कुठे ठेवली ते बायकोला विचारायला घरी परतलेली असतात. स्वयंपाकघरात मी एक छोटं तापमापक टांगलंय. गेल्या जानेवारीत रात्री ते १९ अंश दाखवत होतं. १९ म्हणजे काही थंडी नव्हे, हे मला मान्य आहे. यीस्टला मान्य नाही.

आमची घरं बांधलीत उष्णता बाहेर घालवायला. मे महिना डोळ्यांपुढे ठेवून सगळी रचना. उत्तरेची खिडकी, तिच्यावर कधीच न मिटणारी जाळी, एग्झॉस्टचं भोक (पंखा २०१४ साली जळला, भोक राहिलं), खाली लादी, वर कडाप्प्याचा ओटा. थंडीच्या चार रात्रींसाठी कोण कशाला काय करील? लेक एडमंटनला असते. व्हिडिओ कॉलवर तिने खिडकीबाहेरचा बर्फ दाखवला, उणे २२. मग घरातलं तापमान सांगितलं, २१. म्हणजे कॅनडातल्या लेकीचं स्वयंपाकघर ठाकुर्लीतल्या बापाच्या स्वयंपाकघरापेक्षा दोन अंशांनी गरम. ती टी-शर्टात, मी स्वेटरात, आणि मीच तिला म्हणतोय, ‘थंडीची काळजी घे हं.’

पाव घरी कशाला करायचा, हा प्रश्न बायकोने माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात विचारला होता. रास्त प्रश्न. सकाळी साडेसहाला पाववाला सायकलचा भोंगा वाजवत येतो. लादीपाव इतका ताजा असतो की पिशवीला आतून वाफ धरते. बेकरीच्या भट्टीला थंडी माहीत नसते. एकदा पेटली की भिंतीच दिवसरात्र ऊब धरून बसतात, आणि त्यांच्या आसऱ्याला ठेवलेलं पीठ बारा महिने सारखंच फुगतं. मी म्हटलं, ‘आपल्या हातचा पाव वेगळा.’ ती म्हणाली, ‘अहो, तेहतीस वर्षांत तुमच्या हातचा चहासुद्धा वेगळा झाला नाही. झालाच नाही.’

तेहतीस वर्षं मी फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब लिहिले. ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे जवळपास दीड तास जायला, दीड तास यायला, स्लोने. फलाटावर उभं राहायचं, फास्ट अंगावर धूळ उडवत निघून जायची, तिच्यातल्या कल्याणकरांचे चेहरे नुसते पुसट दिसायचे. एवढी वाट पाहिलेल्या माणसाला पीठ फुगायची वाट पाहणं जड जाऊ नये, असा माझा समज होता. फरक असा की स्लो उशिरा का होईना, येते.

पहिल्या पावाचं मी वर्णन करणार नाही. तो हिने गच्चीच्या दाराला अडकण म्हणून लावला. वाऱ्याने दार आपटत नाही तेव्हापासून.

मग मी हिशेबाला बसलो. पिठाच्या धंद्यात एक साधं गणित आहे, ते कळल्यावर मला फार आनंद झाला, कारण त्यात भागाकार करावा लागत नाही. मळून झालेलं पीठ साधारण २६ अंशांचं हवं. २६ त्रिक ७८. त्यातून खोलीचे १९ वजा, मैद्याचे १९ वजा. उरले ४०. तेवढ्या गरम पाण्यात पीठ भिजवायचं. मे महिन्यात हेच गणित केलं तर पाणी फ्रिजमधलं घ्यावं लागतं. अर्धा किलो मैदा, तीनशे मिली पाणी, दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम यीस्ट, साखर चमचाभर. पाणी तापमापकानेच मोजायचं, कारण बोटावर विसंबून मी एकदा ते इतकं गरम घेतलं की यीस्ट जागच्या जागी वारलं. साठाच्या आसपास ते जगत नाही. तर सगळं मोजून, दहा मिनिटं मळून, पिठात तापमापक खुपसलं. २६! कचेरीत ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला की व्हायचं तसं झालं. पातेलं झाकलं, ओट्यावर ठेवलं, बातम्या बघायला गेलो. तासाने पाहतो तर २१.

चोर ओटा होता. कडाप्पा हा दगड म्हणून उत्तमच, डाग दाखवत नाही, पण थंडीत त्याच्यावर स्टीलचं भांडं ठेवलं की तो खालून ऊब ओढून घेत राहतो. उघडा तळहात दोन मिनिटं टेकवून बघा, कळतं. आईला मी हा शोध सांगायला गेलो. ती म्हणाली, ‘अरे, म्हणून तर विरजणाखाली पाट ठेवतात.’ चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. तापमापक नाही, त्रैराशिक नाही.

यीस्टचा वेग दर आठ-दहा अंशांना निम्मा होतो. तासाभराचं काम मग दीड-पावणेदोन तासांवर जातं आणि माणूस पातेलं घेऊन घरभर हिंडू लागतो. पहिला मुक्काम फ्रिजच्या डोक्यावर. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असायची, चांगली तापायची, मोजे वाळायचे तिच्यावर. नव्या फ्रिजने ती पोटात घेतलीय. डोकं थंडच. दुसरा मुक्काम ओव्हनमध्ये. तुम्ही मघापासून मनात म्हणत असाल की हा माणूस ओव्हन दोन मिनिटं तापवून, बंद करून, त्यात का ठेवत नाही पीठ. ठेवलं ना. दोन मिनिटं तापवायला लावला आणि तेवढ्यात फोन आला. पीठ वरून भाजलेलं, आतून गाढ झोपलेलं.

तिसरा मुक्काम वायफायच्या राउटरवर. हे यंत्र घरात एकटंच रात्रंदिवस काम करतं आणि त्याचं अंग मांजरासारखं कोमट असतं. त्याच्यावर मी पातेलं अलगद तोलून बसवलं. दहा मिनिटांत आतल्या खोलीतून आवाज आला, ‘नेट गेलं का हो?’ स्टीलच्या पातेल्याखाली राउटर दडपला गेला होता. मालिकेत एका बाईच्या हातातून पूजेचं ताट पडायचं होतं, ते मधल्यामध्ये थांबलं होतं. इकडे पीठ फुगेना, तिकडे ताट पडेना. मुक्काम हलवावा लागला.

चौथी जागा मला पहिल्यापासून ठाऊक होती, पण ती आरक्षित होती. तांदळाचा डबा. थंडीत आईचं दही तांदळात पुरून ठेवलेलं असतं, गळ्यापर्यंत, वर जुन्या साडीची घडी. तांदूळ ऊब देत नाही, पण असलेली जाऊही देत नाही. त्या डब्याकडे मी पातेलं घेऊन नुसता वळलो तरी दिवाणावरून आवाज येतो, ‘दही आहे तिथे.’ झोपेतसुद्धा येतो. एकदा मी भीतभीत म्हटलं, एक दिवस दही राहू दे. आईने माझ्याकडे असं पाहिलं की ती माझी आई नसून दह्याची असावी.

ऊब ही तिची जुनीच मिळकत आहे. वडील चोळ्याच्या पॉवरहाउसात होते. रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी इथे ठाकुर्लीत स्वतःचं वीजघर बांधलं होतं, कोळशावर चालणारं. बंद पडून कैक वर्षं झाली. वडील बॉयलरच्या बाजूला होते. बावनचाळीत आम्ही राहायचो तेव्हा हिवाळ्यात रात्रपाळीहून ते घरी आले की त्यांच्या कोटाला ऊब आणि कोळशाचा वास असायचा आणि आम्ही भावंडं तो कोट पांघरायला भांडायचो. माझं पातेलं राउटरवरून उतरताना पाहून आई म्हणाली, ‘पॉवरहाउस चालू असतं तर तुझ्या बाबांबरोबर डब्यात पाठवलं असतं मी तुझं पीठ. पाळी संपेपर्यंत टम्म.’ मग जरा थांबून, ‘इडलीचंही.’

मी शेवटी पातेलं देवघरात नेलं. समई होती, लहानशी का होईना ज्योत होती. पातेलं समईच्या डाव्या अंगाला ठेवलं आणि सवयीने हात जोडले गेले. तोंडातून शब्द गेला, ‘पाव रे बाबा.’ कोणाला म्हटलं ते मलाही सांगता आलं नसतं. मराठीने ही गंमतच करून ठेवलीय. देव पावतो तो पाव वेगळा, किलोचा चौथा भाग तो पाव वेगळा, आणि पोर्तुगिजांनी त्यांच्या भाषेतून आणून आपल्या पदरात टाकला तो तिसरा. पाव किलोचा पाव, पाव रे पावा! परदेशी माणसाला हे वाक्य समजावून सांगताना दमायला होईल.

आई देवघराच्या दारात उभी. ‘देवापुढे पाव? आमच्या आजीने पाहिलं असतं तर तुला पाटासकट उचलून अंगणात ठेवला असता.’ तिच्या आजीच्या मते पाव पायाने मळतात, म्हणूनच त्याला पाव म्हणतात. त्यामुळे तो घरात यायचा तो फक्त आजाऱ्यासाठी. ताप उतरला की दूध-पाव. आई सांगते, लहानपणी ती पावासाठी ताप यायची वाट बघायची. तापातून उठलेल्या पोराला स्वयंपाकघरात न घेता ओसरीवरच बसवून तो खायला देत.

त्यामागे मोठं भय होतं. वसई भागात पोर्तुगिजांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेला अख्खा गाव बाटला, अशा गोष्टी आमच्या इकडच्या म्हाताऱ्या काल घडल्यासारख्या सांगत. पोर्तुगीज इथून जाऊन दोनशे वर्षं उलटली होती तरी. आणि याच भयाला उलटं वापरलं मुंबईतल्या परमहंस सभेने. १८४९ साली निघालेली ही गुप्त मंडळी, जातिभेद मोडायला. तिच्यात शिरायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा! बाकी प्रतिज्ञा काहीही करा, तुकडा घशाखाली उतरला पाहिजे. पुढे सभासदांची यादीच चोरीला गेली म्हणतात, आणि नावं फुटण्याच्या धास्तीने सभा विरली. मला तो पहिल्यांदा पाव तोंडात घालणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. दार बंद, दिवा बारीक, आणि हातात हा एवढासा पांढरा मऊ तुकडा. चव तरी लागली असेल का त्याला? या सभेचे एक धुरीण दादोबा पांडुरंग, म्हणजे मराठीचे व्याकरणकार. त्यांचं व्याकरण १८३६ सालचं. पाव हे नाम आणि पाव हे क्रियापद यांतला भेद त्यांच्याइतका कोणाला कळणार?

आणि आज त्याच मुंबईचा कुलदैवतासारखा पदार्थ वडापाव. ठाकुर्ली स्टेशनाबाहेर संध्याकाळी पाहावं, कोण कोणाच्या हातचा खातोय ते विचारायला कोणाला वेळ नसतो.

तर समईपुढेही पीठ काही मनासारखं फुगलं नाही, पण वास मात्र तेलाचा लागला.

भाजणं हे आमच्या पिढीला तसं नवीन नाही, याची आठवण आईनेच मला करून दिली. दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत जायचं, तिथे पत्र्याच्या ताटांवर आपल्या नानकटाया आपणच थापायच्या आणि शेजारणीच्या नानकटायांशी अदलाबदल होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून भट्टीच्या तोंडाशी बसायचं. त्या दोन तासांत मला पहिल्यांदा कळलं की ऊबही रांगेत उभं राहून मिळते. नंतर घरात काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. त्यात केक व्हायचा तो एका बाजूने केक आणि दुसऱ्या बाजूने कोळसा. पाव मात्र कोणी केला नाही. पाव विकतच आणायचा असतो, ही आमच्या घरातली घटनेच्या दर्जाची गोष्ट होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लेकीला मी सगळी हकिगत सांगितली. राउटर, समई, कडाप्पा. ती हसत सुटली. मग म्हणाली, ‘बाबा, पण घाई कशाला? आम्ही मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवतो पीठ, रात्रभर. यीस्ट चिमूटभर घालायचं आणि विसरून जायचं. हळू फुगलं की चव येते.’ तिचं म्हणणं असं की थंडीत यीस्ट मंदावतं, पण पिठातला आंबटपणा आणि वास तयार व्हायला तेवढा वेळ मिळतो, आणि झटपट फुगवलेल्या पावाला नुसता यीस्टचाच दर्प येतो. महिनाभर मी जिच्याविरुद्ध घरभर मोहीम काढली होती, ती थंडी लोक विजेचं बिल भरून विकत घेत होते.

आईला हे पटलं नाही. ‘मग इतकी वर्षं आम्ही इडलीच्या पिठाला शाली पांघरल्या त्या कशाला?’ मी तिला सांगितलं की इडलीच्या पिठात विकतचं काही घालत नाहीत, डाळ-तांदळाबरोबर आलेले जिवाणूच ते फुगवतात, त्यांना ऊब जास्त लागते, यीस्टची जात वेगळी. ती म्हणाली, ‘जात वेगळी असली म्हणून काय थंडी वाजत नाही?’ परमहंस सभेत तिला बिनापावाचं घेतलं असतं.

बायकोचा मुद्दा त्याहून अवघड होता. ‘दुपारी दोनला हाच ओटा कोमट असतो,’ ती म्हणाली, ‘बाहेर तीस अंश. दुपारी का नाही करत?’ खरं होतं. ठाकुर्लीची थंडी ही पाहुणी आहे, रात्री उतरते, सकाळी नऊच्या आधी जाते. पण मला पाव सकाळच्या चहाबरोबर हवा होता, पाववाल्याच्या भोंग्याच्या आधी. यामागे कारण काही नाही. ईर्षा म्हणा.

त्या रात्री मी लेकीचं ऐकलं. यीस्ट चिमूटभर. पाणी मात्र ४० अंशांचंच घेतलं, हिशेबाची सवय सुटत नाही. पातेल्यावर ताट झाकलं, ओट्यावर, खाली पाट घालून, ठेवलं. फुगलास तर फूग, अशा वृत्तीने जाऊन झोपलो.

पहाटे पाचला जाग आली. बाहेर गाडी धडधडत गेली, न थांबता, म्हणजे फास्ट. स्वयंपाकघरात दिवा लावला. पाट होता. पातेलं नव्हतं. पाटाशेजारी, थेट कडाप्प्यावर, दह्याचं भांडं. झाकण उघडलं तर दुधासारखं पातळ, हलवलं की डुचमळणारं. तांदळाच्या डब्याकडे वळलो. साडीच्या घडीखाली आईची तपकिरी शाल, शालीत पातेलं, आणि पातेल्यावरचं ताट पिठाने स्वतःच्या डोक्यावर उचलून तिरपं केलेलं. पीठ काठावरून उतरलं होतं, शालीत शिरलं होतं, शालीतून तांदळात. खमीर खमीर म्हणतात ते हे.

दिवाणावरून आवाज आला. ‘बारा-साडेबाराला पाणी प्यायला उठले. पातेल्याला हात लावला तर बर्फ. म्हटलं, दही काय रोजचंच आहे.’

पीठ जरा जास्तच फुगलं होतं. दाबून, वळून, भांड्यात घालून अर्धा तास ठेवलं आणि २०० अंशांवर पस्तीस मिनिटं भाजलं. पाव माथ्यावर किंचित खचला, जास्त फुगलेल्या पिठाचं होतं तसं. पण वास! ओव्हनच्या काचेतून पिवळा उजेड ओट्यावर पडला होता. ही उठून आली, आई भिंतीला धरून आली, आणि इतर दिवशी जिथे थंडीचं कोणी दोन मिनिटं थांबत नाही तिथे तिघंही ओव्हनकडे तळहात करून उभे राहिलो. तापमापक २४ दाखवत होतं. खाली भोंगा वाजला. कोणी गेलं नाही.

आईने पावाचा कडेचा तुकडा चहात बुडवला. चावला. पुन्हा बुडवला.

‘बरा झालाय,’ ती म्हणाली. आमच्या घरात याच्या वरची श्रेणी नाही. मग पेला खाली ठेवून, ‘पायाने नाही ना रे मळलास?’

दुपारी जेवणात ताक नव्हतं. जेवणं झाल्यावर हिने दहा किलोंचा डबा पेपरावर ओतून ताट माझ्यापुढे सरकवलं. उन्हात बसून मी तांदळातून वाळलेल्या पिठाचे गोळे वेचत होतो. प्रत्येकाला दहा-बारा दाणे चिकटलेले. आई शाल भिजवून आली आणि शेजारी टेकली.

‘आणि पुढच्या वेळी पीठ भिजवायच्या आदल्या दिवशी सांग,’ ती म्हणाली. ‘दही आधीच लावून ठेवते.’